चर्चमधली साक्ष : देवाची स्तुती की लेकीची जाहिरात?

गुलमोहर_सदर | रविवार, रात्री ९:१२

नमस्कार मंडळी. हा धागा 'धर्म-अध्यात्म'मध्ये टाकावा की 'पालकत्व'मध्ये, यावर अर्धा तास घालवला. संपादकांना वाटलं तर हलवा.

आम्ही ख्रिस्ती, तीन पिढ्यांपासून नागपुरात, सदरला. आमच्या चर्चला महिन्याच्या पहिल्या रविवारी उपासनेच्या शेवटी साक्ष असते. साक्ष म्हणजे कोर्टातली नव्हे. देवानं आपल्यासाठी काय केलं ते मंडळीसमोर उभं राहून सांगायचं. कुणी आजारातून उठलेलं असतं, कुणाला नोकरी लागलेली असते. मागे एका आजोबांनी पेन्शनची हरवलेली फाईल सापडल्याची साक्ष दिली होती, तीही फाईलसकट.

आज मी उभी राहिले. लेक बी.एस्सी. नर्सिंग झाली, कॉलेजात दुसरी आली आणि लगेच नोकरीही लागली. मी म्हटलं, "सर्व गौरव प्रभूला!" आणि सुरू झाले. मला वाटलं तीनेक मिनिटं बोलले. घरच्यांच्या मते अकरा.

परतताना ॲक्टिवावर मागे बसलेली लेक गप्प. एलआयसी चौकाच्या सिग्नलला म्हणाली, "आई, मी मोजलं. देव चार वेळा आला. माझे टक्के नऊ वेळा. पगार दोनदा." मी म्हटलं, अगं, देवाचे आभारच मानले ना? तर म्हणे, "तू देवाचं नाव घेऊन माझी जाहिरात केलीस."

सिग्नल सुटला म्हणून वाचले. दुपारपासून डोक्यात तेच आहे. उपासनेनंतर नेहमी माझ्याशी बोलणाऱ्या एक बाई आज चहालाही थांबल्या नाहीत. त्यांचा मुलगा दोन वर्षांपासून बारावीतच अडकलाय.

आता मला सांगा, देवाची स्तुती कुठं संपते आणि फुशारकी कुठं सुरू होते? सगळ्या धर्मांच्या लोकांनी लिहावं. आमच्यातल्यांनी नुसती वचनं फेकून पळू नये.

---

तर्रीबाज | रविवार, रात्री ९:२०

काऊन टेन्शन घेऊन राहिल्या ताई? पोट्टी पास झाली, आईनं सांगितलं, विषय संपला. आमच्या मोहल्ल्यात दहावीत ५२ टक्के पडले तरी चौकात फ्लेक्स लागते, त्यावर पोट्ट्याचा फोटो लहान आन् भावी नगरसेवकाचा मोठा. तुम्ही तर फक्त अकरा मिनिटं बोलल्या.

पेढे कुठं आहेत ते सांगा.

---

ऐकीव_माहिती | रविवार, रात्री ९:३१

लेकीला माझ्याकडून शाब्बासकी. नर्सला मोजता आलंच पाहिजे.

---

निरभ्र | रविवार, रात्री ९:५८

मी देव मानत नाही, त्यामुळे बाहेरून लिहितो. मला यात फुशारकीपेक्षा दुसरंच खटकतं. चार वर्षं रात्रपाळ्या केल्या मुलीनं, फी भरली तुम्ही, शिकवलं शिक्षकांनी आणि गौरव सगळा वरच्याला. ही नम्रता आहे की ज्यांचं देणं आहे त्यांना चुकवून जाणं?

दुसरं. तुमच्या मुलीला देवानं पास केलं, तर त्या बाईंच्या मुलाला कुणी नापास केलं? यश आलं की देवाची कृपा आणि अपयश आलं की पोरगं आळशी, हा हिशेब मला कधीच कळला नाही.

---

गुलमोहर_सदर | रविवार, रात्री १०:०६

@निरभ्र, तुमचा दुसरा प्रश्न लागला. उत्तर नाही माझ्याकडे. शिक्षकांचं नाव घ्यायला विसरले, हे मात्र खरं. पगार आठवला आणि शिक्षक विसरले.

---

विठूचा_गडी | रविवार, रात्री १०:४०

माउली, आमच्याकडेही हेच. दिंडीत दरवर्षी एक गृहस्थ असतात. 'आमचं काही नाही, सगळं पांडुरंगाचं' म्हणतात आणि पंगतीच्या मंडपाला आपल्या नावाची कमान लावतात. तुकोबांची ती मुंगी आठवा. साखर तिलाच मिळते, कारण ती लहान आहे. पण मुंगीनं 'बघा मी किती लहान' असा बोर्ड लावला की गेली साखर.

तुमच्या लेकीला साष्टांग नमस्कार. असं तोंडावर सांगणारं घरात एक तरी माणूस लागतं.

---

हिस्लोपचा_बाकडा | रविवार, रात्री ११:१५

विठूच्या गड्यानं तुकोबा काढलेच आहेत, तर आमच्या गावाची एक गोष्ट. कवी ना. वा. टिळक नागपुरात राहत होते. १८९३ साली इथून राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात एका युरोपियन सहप्रवाशानं त्यांच्या हातात नवा करार ठेवला. पुढं १८९५ मध्ये मुंबईला बाप्तिस्मा. आणि हाच माणूस पुढं म्हणायचा की मी ख्रिस्ताकडे आलो तो तुकोबांच्या पुलावरून. तेव्हा या धाग्यावर मुंगी आणि साक्ष शेजारी बसली तर बिघडलं काय?

दुसरी गोष्ट माझ्या कॉलेजच्या नावाची. स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपूरला आले. शाळा काढली, गोंडांची भाषा नि गाणी टिपून ठेवली, आसपासच्या खडकांतले जीवाश्म गोळा केले. एका खनिजालाही त्यांचं नाव आहे, हिस्लोपाइट. १८६३ च्या सप्टेंबरात टाकळघाटची जुनी शिळावर्तुळं बघून घोड्यावरून परतताना नाल्याच्या पुरात बुडाले. गोंडांवरचे कागद तसेच राहिले होते, ते रिचर्ड टेम्पलनी १८६६ मध्ये छापले. कॉलेज १८८३ चं. म्हणजे पाटी लागली तेव्हा माणूस जाऊन वीस वर्षं झाली होती.

मी तीन वर्षं त्या पाटीखालून आत गेलो. हे हिस्लॉप कोण, हे एकदाही विचारलं नाही. पुढं नोकरीत माझ्या केबिनच्या पाटीवर आडनावाची वेलांटी चुकली, तर दोन दिवस जेवण गेलं नव्हतं.

---

तर्रीबाज | रविवार, रात्री ११:२१

वेलांटी कोणती ते सांगा ना भाऊ.

---

पिवळा_दिवा | सोमवार, सकाळी ७:५०

पाट्यांचा विषय निघालाच आहे तर आमच्या चर्चमधले पंखे. (धागाकर्तीचं चर्च वेगळं असावं. नसलं तर आधीच माफी.)

आमच्याकडे चौदा पंखे आहेत. प्रत्येकाच्या पात्यावर लाल रंगात 'अमक्यांच्या स्मरणार्थ तमक्यांकडून सप्रेम अर्पण'. दांडीवर लिहिलं असतं तर चाललं असतं, पण नाही, पात्यावर. त्यामुळे पंखा फिरायला लागला की नाव दिसत नाही, नुसतं लालसर वर्तुळ दिसतं. मे महिन्यात पारा ४५ च्या वर, उपदेशाच्या मधोमध वीज गेली की सगळी मंडळी घाम पुसत वर बघते आणि चौदाच्या चौदा नावं वाचून काढते. मला लहानपणापासून पाठ आहेत.

वडील म्हणायचे, दानाचा उपयोग सुरू असला की नाव वाचता येत नाही आणि नाव वाचता येतं तेव्हा माणसं उकडून मरत असतात.

---

ऐकीव_माहिती | सोमवार, सकाळी ८:०२

लोळलो. पात्यावर नाव लिहिणाऱ्या पेंटरला संत घोषित करा.

---

दगडधोंडे | सोमवार, सकाळी १०:३०

पंख्यांवरून आठवलं. मी जुने शिलालेख वाचतो, निव्वळ हौस म्हणून. येशूचा प्रेषित पौल यानं ग्रीसमधल्या करिंथ शहरातल्या ज्या ख्रिस्ती लोकांना, म्हणजे करिंथकरांना, 'बढाई मारू नका' म्हणून पत्रं लिहिली, त्यांचं शहर कसं होतं ते बघा. रोमनांनी इ.स.पू. १४६ मध्ये करिंथ उद्ध्वस्त केलं. शंभर वर्षांनी, इ.स.पू. ४४ मध्ये, ज्युलियस सीझरनं ते पुन्हा वसवायला घेतलं आणि तिथं बरेचसे गुलामीतून सुटलेले लोक नेऊन बसवले. खानदान नाही, जुनी इभ्रत नाही. मग नाव कशानं होणार? दगडानं.

तिथं बाब्बियस फिलिनस नावाच्या इसमाचा लेख सापडलाय. आशय असा की हे स्मारक बाब्बियसनं स्वखर्चानं उभारलं आणि नगराचा अधिकारी या नात्यानं त्याला मंजुरीही बाब्बियसनंच दिली. म्हणजे कंत्राटदारही मीच, उद्घाटकही मीच.

पौल तिथं पोचला इ.स. ५० च्या आसपास. म्हणजे तर्रीबाजांच्या मोहल्ल्यातच आला म्हणा.

---

तर्रीबाज | सोमवार, सकाळी १०:४४

बाप्पा! बाब्बियस आमच्याच वॉर्डातला आहे. फक्त तो लोखंडाचा गेट लावून राहिला, 'अमुकभाऊ प्रवेशद्वार'. आत रस्ता नाही, गेट आहे.

---

टेकडीवरची | सोमवार, दुपारी १:१५

मी कॅथलिक. सेमिनरी हिल्सच्या लूर्द मातेच्या ग्रोटोपाशी (मरीयेच्या मूर्तीची गुहा) संध्याकाळी बसायची जुनी सवय आहे.

गुलमोहर, तुमच्या लेकीचं मोजमाप बरोबर असलं तरी तेवढ्यानं निकाल लागत नाही. येशूची आई मरीया हिचं गीत घ्या, बायबलमधल्या लूकच्या पहिल्या अध्यायातलं. आमच्याकडे सायंप्रार्थनेत रोज म्हणतात. सुरुवात 'माझा जीव प्रभूला थोर मानतो' अशी. पण दोन ओळींनी तीच म्हणते की यापुढं सगळ्या पिढ्या मला धन्य म्हणतील. सगळ्या पिढ्या! नाझरेथसारख्या गावातली, लग्नही न झालेली पोर हे म्हणतेय. आपल्याकडे एखादी असं बोलली असती तर बायकांनी काय म्हटलं असतं?

तरी तिला कुणी गर्विष्ठ म्हणत नाही. कारण ती आपलं मोठेपण लपवतही नाही आणि स्वतःच्या खात्यावर मांडतही नाही. 'सामर्थ्यवानानं माझ्यासाठी मोठी कामं केली.' कामं मोठी आहेत, ती लहान म्हणायची गरज नाही. नम्रता म्हणजे ८७ टक्क्यांना 'काही नाही हो, असेच पडले' म्हणणं नव्हे. ते तर खोटं बोलणं झालं.

---

मोशेची_काठी | सोमवार, दुपारी १:४०

नम्रतेचा विक्रम बायबलमधल्या आमच्या मोशे संदेष्ट्याच्या नावावर आहे. 'गणना' या पुस्तकात, १२:३ : पृथ्वीवरच्या सगळ्या माणसांपेक्षा मोशे नम्र होता. आणि परंपरेप्रमाणे ते पुस्तक लिहिलं कुणी? मोशेनंच.

---

ऐकीव_माहिती | सोमवार, दुपारी १:४३

म्हणजे मोशे हा पहिला बाब्बियस.

---

निळी_पहाट | सोमवार, संध्याकाळी ६:२०

जयभीम. धागा वाचून थोडं अस्वस्थ व्हायला झालं, म्हणून लिहिते.

माझ्या घरात पहिली पदवी आली ती मोठ्या काकांची. आजोबा गिरणीत बदली कामगार. निकालाच्या दिवशी त्यांनी उसने पैसे काढून अख्ख्या वस्तीला जिलेबी वाटली, भोंगा लावला आणि काकांना हार घालून गल्लीगल्लीतून फिरवलं. काका लाजेनं मेले म्हणे. आजोबांनी फुशारकी मारली का? मारली. मस्त मारली. ज्या लोकांना पिढ्यान्‌पिढ्या मान खाली घालून चालायला लावलं, त्यांना 'नम्र राहा' सांगणं फार सोपं असतं आणि ते सांगणारा बहुतेक वेळा वरच्या पायरीवर उभा असतो. १९५६ साली दीक्षाभूमीवर लोक ताठ मानेनं चालायला शिकले. त्या चालण्याला गर्व म्हणायचं?

नर्सिंगमध्ये लेक दुसरी आली तर आईनं अकरा काय, बावीस मिनिटं बोलावं.

---

टेकडीवरची | सोमवार, संध्याकाळी ६:५५

@निळी_पहाट, तुमचं वाचून मरीयेच्या गीताचा पुढचा भाग आठवला, जो मी दुपारी गाळला. तिथं ती म्हणते की देवानं अधिपतींना आसनावरून ओढून काढलं आणि दीनांना उंच केलं. म्हणजे ते गीत नुसतं गोड नाही, त्यात जिलेबी आणि भोंगा दोन्ही आहे.

आमच्याही कित्येक घरांचे आजोबा त्याच वस्त्यांतून आले. पाटीवरचं पहिलं अक्षर मिशनच्या शाळेत गिरवलेले. त्यांच्या साक्षीत छाती फुगलेली असायची आणि ती फुगायलाच हवी होती.

---

गुलमोहर_सदर | सोमवार, रात्री ८:१०

@निळी_पहाट, माझे आजोबा शिपाई होते. साहेबांसमोर चपला काढून उभे राहायचे. त्यामुळे तुमची जिलेबी पोचली. पण प्रामाणिकपणे सांगते, मी काल उभी राहिले तेव्हा मनात आजोबा नव्हते. तिसऱ्या बाकावरच्या त्या बाई होत्या, ज्यांनी चार वर्षांपूर्वी 'नर्सिंग? डॉक्टर नाही करत का?' म्हटलं होतं. मी बोलत होते मंडळीला, ऐकवत होते त्यांना. (चहाला न थांबलेल्या बाई वेगळ्या.)

---

तर्रीबाज | सोमवार, रात्री ८:१३

हाव ना, आता खरी साक्ष सुरू झाली!

---

कोरसचा_बेस | सोमवार, रात्री ९:०५

अवांतर, पण राहवत नाही. नम्रतेची खरी परीक्षा बघायची असेल तर डिसेंबरात क्वायरच्या, म्हणजे चर्चच्या गायकवृंदाच्या, तालमीला या. सोलो कुणाला, यावरून आमच्याकडे दोन घरांत चार नाताळ बोलणं बंद होतं. गाण्याचे शब्द काय? देवाचा गौरव, पृथ्वीवर शांती. जर्मन संगीतकार बाखसाहेब आपल्या हस्तलिखितांच्या शेवटी एस. डी. जी. लिहायचे, म्हणजे 'गौरव केवळ देवाला'. आमच्या मास्तरांनी एकदा वैतागून फळ्यावर तीच अक्षरं काढली आणि म्हणाले, "आपल्याकडे याचा अर्थ : सोलो द्या गपचूप."

---

कलम_आणि_कसर | मंगळवार, सकाळी ११:३०

मी बायबलचा साधा विद्यार्थी, पाळक (धर्मगुरू) नाही. दोन दिवस वाचत होतो. हसून झालं, आता जरा लांबण लावतो.

धाग्याच्या शीर्षकात 'स्तुती की जाहिरात' अशी दोन टोकं मांडली आहेत. हिब्रूत या दोन टोकांचं मूळ एकच आहे. 'हालाल' धातूचं एक रूप म्हणजे स्तुती करणं, त्यातूनच आपला हालेलूया आला. त्याच धातूचं आत वळलेलं रूप म्हणजे 'हित्हल्लेल', बढाई मारणं. म्हणजे बढाई ही वेगळी वस्तू नाहीच, स्तुतीच स्वतःकडे वळवलेली. म्हणून बायबलमधल्या यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकात, नवव्या अध्यायात, देव 'बढाई बंद करा' म्हणत नाही. ज्ञान्यानं ज्ञानाची, बलवानानं बळाची, श्रीमंतानं धनाची मिरवू नये, आणि मिरवायचंच असेल तर देव दया, न्याय नि नीती करणारा आहे हे आपल्याला उमगलं, याची मिरवावी. पौल तेच उचलून करिंथकरांना लिहितो. माणसाचं तोंड बंद करत नाही, वळवतो.

पण 'देवाला गौरव' म्हटलं की तोंड आपोआप वळतं, असं नाही. लूक १८ मधला परूशी, म्हणजे कडक धर्मनियम पाळणारा यहुदी, देवळात जाऊन पहिलं वाक्य काय म्हणतो? 'देवा, मी तुझे आभार मानतो.' सुरुवात अगदी शास्त्रशुद्ध आहे. मग पुढं आठवड्यातून दोनदा उपास, दशांश (मिळकतीचा दहावा हिस्सा देवाला) आणि 'मी या जकातदारासारखा नाही'. आभार मानता मानता त्याची नजर बाजूला गेली. गुलमोहर, तुम्ही काल तिसऱ्या बाकाचं लिहिलंत ना, तेच.

मग ओळखायचं कसं? मला स्तोत्र ३४ चा दुसरा श्लोक सापडतो. तिथं दावीद म्हणतो की माझा जीव परमेश्वराविषयी मिरवील (धातू तोच), आणि लगेच पुढं : दीन लोक हे ऐकून आनंद करतील. कसोटी बोलणाऱ्याच्या मनात ठेवलेलीच नाही, ती ऐकणाऱ्याच्या बाकावर ठेवलीय. तिथला सगळ्यात खचलेला माणूस ऐकून वर आला की आणखी खाली गेला?

आणि हे स्तोत्र कधीचं, ते मथळ्यातच दिलंय. दावीद शत्रूच्या राजापुढं वेड्याचं सोंग घेऊन सुटला तेव्हाचं. १ शमुवेल २१ मध्ये सविस्तर आहे. दारावर ओरबाडे काढतोय, दाढीवर लाळ गळतेय, आणि राजा चिडून नोकरांना म्हणतो, माझ्याकडे वेड्यांची कमतरता आहे का? गल्याथ या धिप्पाड योद्ध्याला पाडणारा हा वीर असा सुटला. मिरवणुकीचं गाणं लिहायला त्यानं प्रसंग निवडला तो लाळेचा.

पौलाचंही तसंच. रोमन सैन्यात वेढा घातलेल्या शहराच्या तटावर जो पहिला चढेल त्याला सोन्याचा मुकुट मिळायचा. पौल करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात म्हणतो, मिरवायचंच तर माझ्या दुबळेपणाची मिरवतो, आणि सांगतो काय? दमास्कसमध्ये मला टोपलीत बसवून तटाच्या खिडकीतून खाली सोडलं. लोक तट चढून गेले, हा टोपलीतून उतरला.

आमच्या साक्षींत टोपल्या फार कमी ऐकू येतात, सगळे मुकुटच. @निरभ्र, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडेही नाही. पण साक्षीला फक्त पास झालेलेच उभे राहत असतील, तर तो प्रश्न आम्हीच तयार केलाय.

---

निरभ्र | मंगळवार, दुपारी १२:१०

पटलं नाही सगळं, पण शेवटचं वाक्य प्रामाणिक आहे. माझ्या शास्त्रात याला निवडक नमुना म्हणतात. जे बुडाले त्यांना मुलाखत देता येत नाही.

---

हिस्लोपचा_बाकडा | मंगळवार, दुपारी १२:४५

'अभिमान' या शब्दाचं पण बघा कुणीतरी. बायबलच्या मराठीत 'अभिमान बाळगू नका' वाचतो आणि शाळेत प्रतिज्ञेत परंपरांचा अभिमान असल्याचं म्हणतो. लहानपणी माझा फार गोंधळ व्हायचा. रविवारी पाप, सोमवारी प्रतिज्ञा.

---

पिवळा_दिवा | मंगळवार, दुपारी १:३०

कलम-आणि-कसर, तुमच्या लाळेवरून सांगतो. आमच्याकडे एका काकांनी साक्ष दिली होती, बारा वर्षं झाली. उभे राहिले, म्हणाले, "मी काल प्यायलो नाही." आणि बसले. एवढंच. पुढच्या महिन्यात पुन्हा उभे राहिले, म्हणाले, "मधे दोनदा प्यायलो. काल नाही." त्या दिवशी माझ्या शेजारी बसलेल्या एका बाईंनी, ज्यांच्या घरात तेच चाललं होतं, ओढणीत तोंड खुपसलं होतं. काकांच्या नावाचा पंखा नाही.

---

विठूचा_गडी | मंगळवार, दुपारी १:३८

रामकृष्णहरी. यापुढं लिहायला काही नाही.

---

ऐकीव_माहिती | मंगळवार, संध्याकाळी ५:००

सगळे करिंथपर्यंत जाऊन आले, पण पहिल्या पोस्टमधल्या चहाला न थांबलेल्या बाई कुठं आहेत? कसोटी ऐकणाऱ्याच्या बाकावर असेल, तर त्या बाकाला कुणी विचारलं का?

---

गुलमोहर_सदर | मंगळवार, संध्याकाळी ५:२२

नाही विचारलं. हिंमत होत नाहीये. उद्या जाते.

---

तर्रीबाज | बुधवार, दुपारी ३:१०

काय झालं? पूरा नागपूर वाट पाहून राहिला.

---

निळी_पहाट | बुधवार, रात्री ८:४०

मीही थांबलेय. आणि ताई, त्यांना भेटताना स्वतःला फार दोष देऊ नका. लेकीचा आनंद खराच आहे.

---

गुलमोहर_सदर | गुरुवार, सकाळी ९:५५

काल गेले होते. संत्रा बर्फी घेऊन निघाले होते, वाटेत वाटलं बर्फी म्हणजे पुन्हा मिरवणंच, म्हणून ती डिक्कीतच ठेवली. दारात उभं राहून तयार केलेलं वाक्य एका दमात म्हटलं. की रविवारी मी जे बोलले त्यानं तुमचं मन दुखलं असेल, मला क्षमा करा.

बाई हातातला पोळपाट तसाच धरून माझ्याकडे बघत राहिल्या. "रविवारी? काय बोललात तुम्ही?"

मी म्हटलं, साक्ष. त्या म्हणाल्या, "अगं बाई, ती का? मला मागं नीट ऐकू येत नाही हो. त्या स्पीकरचं कितीदा सांगितलं कमिटीला. सगळे टाळ्या वाजवत होते म्हणून मीही वाजवल्या." चहाला का थांबला नाहीत? तर भावाकडे काटोलला जायचं होतं, साडेअकराची एसटी होती.

तीन दिवस मी त्यांच्या दुःखाचं कारण बनून बसले होते. परतताना ॲक्टिवावर लेकीला सांगितलं तर ती सिग्नलपर्यंतही थांबली नाही. म्हणाली, "म्हणजे तिथंही तूच मधोमध."

पण त्याआधी बाईंनी आत बोलावलं होतं. मुलाचं मी विचारलं नाही, त्याच बोलल्या. बारावी सोडलीय त्यानं. फ्रीज-एसीच्या दुरुस्तीचं काम शिकतोय, उन्हाळ्यात रात्री अकराला घरी येतो. टेबलावर त्याचा गेजचा सेट होता, निळ्या-लाल नळ्यांचा. तो त्यांनी मला उघडून दाखवला, कुठली नळी कुठं लागते ते सांगितलं. गॅसचं नाव चुकीचं सांगितलं असावं, पण मला तरी कुठं माहितीय. दहा मिनिटं दाखवत होत्या. मी घड्याळ बघितलं नाही.

निघताना म्हणाल्या, "तुमची नर्स झाली ना? तिला म्हणावं रविवारी माझं बीपी बघ. ते दुकानातलं मशीन दरवेळी वेगळंच सांगतं."

लेक हो म्हणालीय. यंत्र स्वतःचं आणणार आहे. बर्फी परत येताना लेकीनंच संपवली.

---

तर्रीबाज | गुरुवार, सकाळी १०:०१

त्या पोट्ट्याचा नंबर द्या ना ताई, विचारपूस मध्ये टाका. आमचा कूलर सोडून एसी घेतला, तो पाणी टपकून राहिला.

---

पिवळा_दिवा | गुरुवार, सकाळी १०:२०

आणि त्याला स्पीकरपण दाखवा.